योग्य गिऱ्हाईक कसं शोधायचं? विक्रीत आणि नेटवर्क मार्केटिंगमध्ये उतरलेल्यांचे नेहमीचे प्रश्न

वॉटर प्युरिफायर असो, विमा असो, नाहीतर आरोग्याच्या पावडरीचे डबे असोत, नवा माणूस पहिल्या दोन-तीन महिन्यांत जवळपास हेच प्रश्न विचारतो. उत्तरं महाराष्ट्रातल्या बाजाराला आणि इथे लागू असलेल्या कायद्यांना धरून दिली आहेत. काही उत्तरं तुमच्या अपलाइनला, म्हणजे तुम्हाला या धंद्यात जोडणाऱ्या वरच्या माणसाला, आवडणार नाहीत.

प्रॉस्पेक्ट म्हणजे नक्की कोण? ओळखीचा प्रत्येक माणूस प्रॉस्पेक्टच असतो ना?

नाही. ज्याला गरज आहे, ज्याच्याकडे पैसे आहेत, ज्याला स्वतः निर्णय घेता येतो आणि ज्याची घ्यायची वेळ झाली आहे, तो प्रॉस्पेक्ट. यातलं एक जरी नसेल तरी तो फक्त ओळखीचा माणूस.

आरओ, म्हणजे पाण्यातले क्षार काढणाऱ्या प्युरिफायरचंच घ्या. पुण्यात वाघोली, उंड्रीकडच्या ज्या सोसायट्या टँकरवर आणि बोअरवर चालतात, तिथे नळाला पांढरा थर चढतो, गिझरची कॉइल लवकर जाते, डाळ शिजता शिजत नाही. तिथे गरज समजावून सांगावी लागत नाही. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतात. ग्लासात टीडीएस मीटर (हेच क्षार मोजणारा) बुडवला आणि आकडा ११०० आला, की निम्मं बोलणं झालं. याउलट धरणाचं गोड पाणी येणाऱ्या भागात मीटर ९० दाखवतो. तिथे आरओ गळ्यात मारणारा एक मशीन विकतो आणि अख्खी बिल्डिंग गमावतो, कारण शेजारच्या घरातला इंजिनिअर मुलगा संध्याकाळी सगळ्यांना खरं काय ते सांगतो. अशा घरात "वहिनी, तुम्हाला आरओची गरज नाही, फक्त जंतू मारणारा साधा यूव्ही पुरेल" म्हणणाऱ्याचा नंबर जपून ठेवला जातो.

आता त्याच टँकरवाल्या सोसायटीतला भाडेकरू बघा. पाणी त्यालाही तेच मिळतं, पगारही चांगला आहे. पण करार अकरा महिन्यांचा, आणि भिंतीला ड्रिल मारायचं तर घरमालकाला विचारावं लागतं. गरज आहे, पैसा आहे, तरी आज तो गिऱ्हाईक नाही. त्याच्याकडून घरमालकाचा नंबर घ्या आणि पुढच्या दारावर जा.

ट्रेनिंगमध्ये शंभर-दोनशे नावांची यादी काढायला सांगतात. काढू का?

काढा, पण ती गाळण्यासाठी. वरून खाली फोन लावत सुटण्यासाठी नाही. लग्नपत्रिका वाटायच्या यादीत कोणी राहून गेलं तर रुसवा होतो; इथे बहुतेक नावं राहूनच जायला हवीत.

वहीच्या पानावर नावापुढे चार रकाने आखा: गरज, पैसा, निर्णय, वेळ. नक्की माहीत असेल तिथेच बरोबरची खूण करा. माहीत नसेल तर प्रश्नचिन्ह टाका, अंदाजाने खूण करू नका. चारही खुणा असलेली नावं बहुतेकांच्या बाबतीत एका पानात मावतात, आणि तेवढी पुरतात. प्रश्नचिन्हांच्या नावांशी विकायला बोलायचं नाही, माहिती काढायला बोलायचं. हे दोन फोन एकच असतात असं समजल्यामुळे नवी माणसं पहिल्या पंधरवड्यात सगळी यादी जाळून टाकतात आणि मग "मार्केट डाउन आहे" म्हणतात.

यादीमागचा कंपनीचा हिशोबही समजून घ्या. तुम्ही दोन महिन्यांत सोडून गेलात तरी तुमच्या दोनशे ओळखींपर्यंत कंपनीचं नाव पोहोचलेलं असतं. कंपनीला ते परवडतं. तुम्हाला मात्र त्या दोनशे जणांत उरलेलं आयुष्य काढायचं आहे.

नातेवाईकांपासून सुरुवात करावी का?

माल दाखवायला हरकत नाही. पण नातेवाइकांची खरेदी ही मालाची परीक्षा समजू नका. मावशी पहिला डबा भाचीसाठी घेते, दुसरा डबा स्वतःसाठी. दुसरा डबा तिने आपणहून मागितला तर ती गिऱ्हाईक झाली. नाही मागितला तर विषय तिथेच सोडा आणि पुढच्या कार्यक्रमात तिला नेहमीसारख्या भेटा. भीड ही भिकेची बहीण, हे विकणाऱ्याला घेणाऱ्यापेक्षा जास्त लागू पडतं.

गिऱ्हाईक आणि डाउनलाइन (आपण धंद्यात जोडलेली माणसं) यांची यादी एकच ठेवली तर?

इथेच सगळं बिघडतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

माल वापरणारा आणि माल विकणारा ही दोन वेगळी माणसं आहेत. भारतात २८ डिसेंबर २०२१ ला ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम आले; नेटवर्क मार्केटिंगलाही तेच लागू होतात. त्यातही ग्राहक वेगळा आणि ज्याच्यापुढे व्यवसायात येण्याचा प्रस्ताव ठेवला जातो ती व्यक्ती वेगळी धरली आहे. याच नियमांनी थेट विक्रीच्या नावाखाली पिरॅमिड (माल विकून नव्हे, माणसं जोडून पैसे मिळतात अशा) आणि पैसे फिरवण्याच्या योजना चालवायला मनाई केली आहे. त्याआधीपासून १९७८ चा प्राइझ चिट्स आणि मनी सर्क्युलेशन योजना बंदी कायदाही आहेच.

अमेरिकेत हा वाद फार जुना. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने (व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) १९७९ मध्ये अ‍ॅमवेला पिरॅमिड ठरवलं नाही, त्यामागे कंपनीचे काही नियम होते. त्यातला एक असा, की बोनस हवा तर वितरकाने महिन्यात दहा किरकोळ गिऱ्हाइकांना माल विकल्याचं दाखवायचं. २०१६ मध्ये हर्बालाइफ या दुसऱ्या नेटवर्क कंपनीने त्याच कमिशनशी २० कोटी डॉलरची तडजोड केली. तेव्हा घातलेल्या अटींत वितरकांना मिळणाऱ्या मोबदल्यापैकी किमान दोन तृतीयांश भाग नोंद आणि पडताळणी झालेल्या किरकोळ विक्रीवर आधारलेला असावा, हेही होतं. दोन्ही वेळी प्रश्न एकच होता: कमाईची आशा नसलेलं कोणी हा माल विकत घेतं का?

तुमच्या धंद्यालाही हाच प्रश्न लावा. कमाईच्या प्लॅनचं एक अक्षर न काढता, निव्वळ माल आवडला म्हणून दर महिन्याला घेणारी दहा घरं उभी करा. ती उभी राहिली तर डाउनलाइनचा विचार करा. दहा घरं मिळत नसतील तर माल महाग आहे किंवा नको असलेला आहे, आणि तुम्ही ज्याला जोडाल त्यालाही तीच अडचण येणार.

"तुम्ही फक्त सहा जण जोडा, ते सहा-सहा जोडतील" हे गणित फळ्यावर छान दिसतं. जरा पुढे नेऊन बघा. दहाव्या पातळीवर ६ कोटी ४ लाख माणसं लागतात. अकराव्यावर ३६ कोटी २७ लाख. २०११ च्या जनगणनेत सगळ्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती, त्यात पाळण्यातली बाळंही आली. तेराव्या पातळीवर पृथ्वीवरची माणसं संपतात. मीटिंगमध्ये फळ्यावर चौथ्या-पाचव्या पातळीनंतर खडू का थांबतो, ते कळलं असेल.

मग व्यवसायासाठी कोणाला विचारावं आणि कोणाला नाही?

आधीच काही ना काही विकत असलेल्या माणसाला विचारा. पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या ताई, घरी साड्या ठेवणाऱ्या काकू, ब्युटी पार्लरवाली, टेलरिंगचं दुकान असलेले. त्यांच्याकडे रोज येणारी माणसं असतात, नकाराची सवय असते, उधारी वसूल करायची कला असते. आणि सर्वांत महत्त्वाचं, ते मालाकडे दुकानदाराच्या नजरेनं बघतात. "मार्जिन किती सुटतं? माल परत घेता का? एक्सपायरीच्या जवळचा माल कोणाच्या अंगावर?" असं विचारणारा माणूस कटकट्या वाटतो, पण टिकतो तोच.

कर्जात असलेल्याला, नोकरी नुकतीच गेलेल्याला, कॉलेजातल्या पोराला, नवऱ्याच्या आजारपणात अडकलेल्या बाईला विचारू नका. अशी माणसं पटकन हो म्हणतात, म्हणूनच अनेक अपलाइन त्यांनाच शोधायला शिकवतात. त्यांची गरज पैशाची आहे, तुमच्या मालाची नाही. त्यांच्या जॉइनिंगवर तुमचं टार्गेट होईल, आणि सहा महिन्यांनी त्यांच्या घरच्यांसमोर उभं राहायची वेळ तुमच्यावर येईल. कंपनीतला आयडी अ‍ॅक्टिव्हेट करायला क्रेडिट सोसायटीतून कर्ज काढ, असा सल्ला जिथे मिळतो तिथून स्वतःही बाहेर पडा.

ओळखी संपल्या. नवी माणसं कुठून आणू?

गरज जिथे एका ठरावीक दिवशी उभी राहते, तिथे आधी पोहोचा.

नवीन घर हा त्यातला सगळ्यात मोठा झरा. महारेराच्या (गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर राज्यातल्या नोंदणीकृत गृहप्रकल्पांची माहिती सगळ्यांना खुली आहे: प्रकल्प कुठे, सदनिका किती, पूर्ण करायची तारीख काय. मॉड्युलर किचन, पडदे, मच्छरजाळी, इन्व्हर्टर, प्युरिफायर, घराचा विमा यातलं काहीही विकत असाल, तर तुमच्या तालुक्यातले येत्या चार-सहा महिन्यांत ताबा देणारे प्रकल्प काढा. तारखा पुढे जातात हे गृहीत धरा आणि साइटवर चक्कर मारून लिफ्ट बसली का ते बघा. साइटवरच्या वॉचमनकाकांशी ओळख ठेवा. चाव्या कधी वाटणार हे त्यांना सेल्स ऑफिसच्या आधी कळतं.

कारखान्यांना विकत असाल तर एमआयडीसी. चाकण, सातपूर, वाळूज, गोकुळ शिरगाव इथे गेटवरची पाटी वाचत फिरणं आजही चालतं. पण आत जायच्या आधी गेटवरच्या माणसाला विचारा, "परचेस कोण बघतं, आणि कुठल्या वारी भेटतात?" बऱ्याच छोट्या कंपन्यांत सप्लायरना भेटायचा वार ठरलेला असतो. बाकी दिवशी गेलात तर व्हिजिटिंग कार्ड टेबलावर ठेवून परत यायचं.

घरगुती मालासाठी भिशी उत्तम, कारण तिथे दर महिन्याला तीच माणसं जमतात. घाई करायची गरज नसते. हळदीकुंकवाला मात्र विकू नका. संक्रांतीचं वाण म्हणून कंपनीच्या शाम्पूचं पाऊच वाटणारे महाभागही असतात. पाऊच घरी जातं, पुढच्या वर्षीचं आमंत्रण मात्र येत नाही. बचत गटाचा माल असेल तर जिल्ह्यातली प्रदर्शनं आणि मुंबईतलं महालक्ष्मी सरस हे बचत गटांचं प्रदर्शन इथे विक्रीपेक्षा पत्ते गोळा करण्याकडे लक्ष द्या. मसाला आवडलेलं गिऱ्हाईक कुरिअरने वर्षभर मागवतं.

मोबाइल नंबरांचा डेटा विकत मिळतो. घ्यावा का?

नको. तो डेटा तुमच्याआधी बऱ्याच जणांनी घेतलेला असतो. शिवाय ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) २०१८ च्या नियमांप्रमाणे जाहिरातीचे फोन नोंदणी केलेल्या टेलिमार्केटरने १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून करायचे असतात, आणि १९०९ वर नोंद करून ग्राहकाला ते बंद करता येतात. स्वतःच्या दहा आकडी नंबरावरून अनोळखी लोकांना जाहिरातीचे फोन लावत बसलात आणि तक्रारी झाल्या, तर नंबरच बंद होऊ शकतो. बँक, गॅस, आधार सगळं त्याच नंबराला जोडलेलं असतं, हे लक्षात घ्या.

व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून गिऱ्हाईक मिळतं का?

मिळतं, पण ज्याला तुम्ही आधीच माहीत आहात तेच. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण घालता येतात आणि तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोहोचतो. म्हणजे यादीच आपोआप गाळली जाते. रोज सकाळी गाडीचा आणि दुबईच्या हॉटेलचा फोटो टाकणाऱ्यांचं स्टेटस लोक म्यूट करतात. शिवून झालेला पडदा खिडकीवर लावल्याचा फोटो टाका, खाली भाव टाका. भाव लिहिला की फुकटे फोन कमी होतात.

"काय काम करतोस ते फोनवर सांगू नको, फक्त भेटायला बोलव" असं शिकवलंय. बरोबर आहे?

साफ चूक, आणि नियमालाही सोडून. थेट विक्रेत्याने सुरुवातीलाच आपलं नाव, कंपनीचं नाव, माल कुठला आणि येण्याचं कारण काय हे स्पष्ट सांगायचं असतं. ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ घेतल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या घरी जायचं नसतं. "एक छोटंसं काम आहे, चहाला ये" म्हणून बोलावलेला मित्र हॉटेलच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर बघतो तेव्हाच त्याचं उत्तर ठरलेलं असतं.

असं बोला: "सुनीलदादा, मी अमुक कंपनीचे वॉटर प्युरिफायर विकतो. तुमच्या सोसायटीत बोअरचं पाणी येतं असं कळलं. शनिवारी दहा मिनिटं पाणी तपासून देऊ का? तपासायचे पैसे नाहीत." नको असेल तर तो लगेच नाही म्हणेल. तुमचा शनिवार वाचला.

समोरचा खरंच घेणार आहे की नाही, हे लवकर कसं ओळखायचं?

स्वतः कमी बोला आणि मागच्या खरेदीबद्दल विचारा. "घ्याल का?" या प्रश्नाला मराठी माणूस सहसा तोंडावर नाही म्हणत नाही, त्यामुळे तो प्रश्न निरुपयोगी आहे. "सध्या काय वापरता? ते कधी घेतलंत? त्यात काय त्रास होतो? तेव्हा कोणी ठरवलं होतं?" या चार प्रश्नांत बहुतेक कळतं. ज्याला त्रास होतोय तो त्रासाबद्दल भरभरून बोलतो. "तसं ठीक चाललंय" असं ऐकू आलं की चहा प्या आणि उठा.

भावावर घासाघीस करणारा चांगला. हप्त्यांचं, सर्व्हिसिंगचं, बदलून देण्याचं विचारणारा त्याहून चांगला. सगळ्याला "वा, छान" म्हणणारा बहुतेक वेळा काहीच घेत नाही.

"यांना विचारून सांगते" असं ऐकलं की काय करायचं?

तो बहाणाही असतो आणि खरंही असतं. "साहेब कधी असतात घरी? दोघं असताना येतो" असं म्हणा. वेळ मिळाली तर खरं होतं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: स्वयंपाकघरातली वस्तू असेल तर साहेब पैसे देतात, निर्णय वहिनींचाच असतो. अनेक सेल्समन सोफ्यावर बसलेल्या माणसाला अर्धा तास डेमो देतात आणि दारातून बघणाऱ्या सासूबाईंकडे वळूनही बघत नाहीत. त्यांच्या एका "कशाला हवंय?" वर सौदा मोडतो.

"बघतो, सांगतो" म्हणणाऱ्याच्या मागे किती दिवस लागायचं?

त्यालाच तारीख विचारा. तारीख दिली तर त्या दिवशी फोन करा. तारीख देत नसेल तर एकदा, महिन्याभराने. नंतर नाही.

गावाकडे विक्री करतो. शहरासारखंच चालेल का?

माणूस तोच, वेळ वेगळी. पगारदाराकडे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पैसा असतो, शेतकऱ्याकडे माल विकल्यावर. मराठवाडा-विदर्भात सोयाबीन ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघतो. ऊस पट्ट्यात कारखान्याचं बिल आल्यावर. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपीचे (सरकारने ठरवलेल्या किमान भावाचे) पैसे द्यावेत असा नियम आहे. प्रत्यक्षात कुठल्या कारखान्याचं बिल कधी निघतं हे गावातल्या किराणा दुकानदाराला विचारा, कारण त्याची उधारी त्यावरच अवलंबून असते. जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर, कोणाच्या दारात मिक्सर घेऊन उभे राहू नका.

मी विमा एजंट आहे. माझ्यासाठी काही वेगळं?

घरातले बदल बघा: बाळ झालं, गृहकर्ज घेतलं, नोकरी बदलली आणि कंपनीचा मेडिक्लेम गेला. अशा वेळी माणूस स्वतःच विचार करत असतो. सत्तरीच्या आजोबांना त्यांच्या ठेवीच्या पावत्या मोडायला लावून दीर्घ मुदतीची पॉलिसी विकणं हे प्रॉस्पेक्टिंग नाही. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, आणि मुलगा परदेशातून आला की बहुधा तेच होतं.

"पहिला हप्ता मी भरतो" ही सवय तोडा. कमिशनमधून सूट द्यायला विमा कायद्याचं कलम ४१ मनाई करतं. त्या आमिषाने आलेला माणूस दुसऱ्या वर्षी हप्ता भरत नाही, म्हणजे तुमचं नूतनीकरणाचं कमिशनही जातं. साखळी पद्धतीने विमा विकायलाही कायद्यात बंदी आहे. कोणी विम्याची डाउनलाइन उभारू म्हणत असेल तर लांब राहा.

रेफरन्स मागितला की लोक "बघतो कोणी असेल तर" म्हणतात. कसा मागावा?

"कोणी असेल तर सांगा" म्हटलं की कोणीच आठवत नाही. नेमकं विचारा: "काकू, तुमच्या मजल्यावर नवीन कोण राहायला आलंय?" आणि मागायची वेळ विक्रीनंतरची नाही, पहिल्या सर्व्हिसनंतरची. फिल्टर वेळेवर बदलून दिलात, वर पैसे जास्त लावले नाहीत, की काकू स्वतः शेजारच्या दाराची बेल वाजवतात. नंबर मिळाला तर "कुलकर्णीकाकूंनी पाठवलंय" म्हणायच्या आधी काकूंची परवानगी घ्या.

अपलाइन म्हणते, लेव्हल टिकवायला या महिन्यात माल स्वतःच उचल. गिऱ्हाईक नंतर मिळेल.

कपाटात गेलेला माल म्हणजे विक्री नव्हे. या वेळी तुम्हीच अपलाइनचं गिऱ्हाईक आहात. कंपनीचं माल परत घेण्याचं धोरण आणि करार रद्द करायची मुदत लेखी मागा. २०२१ च्या नियमांत दोन्हींची तरतूद आहे. कागद द्यायला टाळाटाळ झाली तर माल उचलू नका.

मी सरकारी नोकरीत आहे. एजन्सी बायकोच्या नावावर घेऊन ऑफिसातल्या लोकांना विकली तर चालेल?

नाही चालणार. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे परवानगीशिवाय व्यापार करता येत नाही. पत्नीच्या किंवा कुटुंबातल्या दुसऱ्या कोणाच्या नावावरच्या विमा किंवा कमिशन एजन्सीसाठी तुम्ही शब्द टाकणं हाही नियमभंगच धरला जातो. त्यातून हाताखालचा कारकून तुम्हाला नाही म्हणू शकत नाही, त्यामुळे त्याच्या होकाराला काही अर्थ नसतो. एजन्सी वहिनींची असेल तर गिऱ्हाईक वहिनींनी शोधावं, तुमच्या ऑफिसच्या बाहेर.